प्रार्थनेत मन वारंवार भरकटते : दोष नेमका कोठे आहे?

समस्या अशी असते. सकाळी खोलीचे दार लावून, पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, ठरलेला भाग वाचून आपण डोळे मिटून प्रार्थनेला बसतो. पहिली दोन-तीन वाक्ये नीट जातात, आणि त्यानंतर केव्हातरी, नेमके केव्हा ते कधीच कळत नाही, मन निसटते. पाच-सात मिनिटांनी भान येते तेव्हा गॅस सिलिंडरची नोंदणी, नातवाची फी, काल कोणीतरी लावून बोललेले एक वाक्य आणि संध्याकाळची भाजी एवढी सगळी फेरी पूर्ण झालेली असते, आणि विशेष म्हणजे तेवढा वेळ ओठ प्रार्थनेचीच वाक्ये म्हणत असतात. मग अपराधी वाटते, आपण नेटाने पुन्हा सुरुवात करतो आणि दोन मिनिटांत पुन्हा भाजीपाशी पोहोचतो.

हा दोष एकदा दुरुस्त झाला की कायमचा गेला, अशा जातीचा नाही. जागा बदलली, वेळ बदलली, नवी वही घेतली, मोबाइलवर प्रार्थनेचे ॲप घेतले, की आठ-दहा दिवस बरे जातात. नवलाई ओसरली की दोष परत येतो. मी स्वतः या चक्रातून कित्येक वर्षे गेले आहे. गेल्या लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या, दिवसांत आमच्या इंदूरच्या मंडळीतील (चर्चमधील) एका घरच्या सुनेने, महिला मंडळाची सभा संपल्यावर चपला घालता घालता मला विचारले, "काकू, मी देवापुढे बसते आणि मनात हिशेब सुरू होतो. असे बसण्यापेक्षा न बसलेले बरे नाही का?" तेव्हा मी घाईत तिला "सगळ्यांचेच होते, तू बसत जा" एवढेच म्हणाले. ते उत्तर खोटे नव्हते, पण त्याचा तिला काही उपयोगही नव्हता. तिला जे सांगायला हवे होते ते येथे लिहीत आहे.

आधी बाहेरची कारणे

बाहेरच्या कारणांवर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही, कारण ती सोपी आहेत. मात्र ती दूर केल्याशिवाय पुढचे निदान करता येत नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा, नुसता पालथा घालून शेजारी ठेवू नये. शास्त्र मोबाइलवर वाचण्याची सवय असेल तर निदान या वेळेपुरते छापील पुस्तक घ्यावे, आणि वेळ लावायची असेल तर साधे गजराचे घड्याळ वापरावे. गजर लावला की किती वेळ झाला हे पाहण्याचे काम आपल्याकडे उरत नाही, आणि हे काम किती लक्ष खाते याची आपल्याला कल्पना नसते. सोळाव्या शतकातील स्पॅनिश संन्यासिनी आविलाची संत तेरेसा, जिला १९७० मध्ये कॅथलिक चर्चने आचार्या ही पदवी दिली, तिनेच स्वतःविषयी लिहून ठेवले आहे की, कित्येक वर्षे प्रार्थनेपेक्षा तो ठरलेला तास कधी संपतो आणि घड्याळाचे टोले कधी पडतात याकडेच तिचे कान लागलेले असत.

आवाजाविषयी माझा अनुभव असा आहे की, नुसता आवाज फारसा त्रास देत नाही. ज्या आवाजाला आपल्याकडून काही काम करून हवे असते तो त्रास देतो. गल्लीतून रिक्षा जाते, देवळातली घंटा वाजते, शेजारी टीव्हीवर बातम्या चालू असतात, यांतले काहीही मला उठवत नाही. पण इंदूरमध्ये रोज सकाळी कचऱ्याची गाडी गाणे लावून गल्लीत येते, आणि ते गाणे कानावर पडताच ओला कचरा, सुका कचरा बाहेर ठेवला आहे का, हा प्रश्न मनात उभा राहतो. स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २०१७ पासून सलग सात वेळा आमचे शहर पहिले आले, त्याची एवढी किंमत मी आनंदाने मोजते. फक्त प्रार्थनेची वेळ मी गाडी येऊन गेल्यानंतरची ठेवली आहे. कुकरचेही तसेच आहे. शिट्ट्या मोजायच्या असतील तर प्रार्थना होत नाही, म्हणून आधी कुकर उतरवावा आणि मग बसावे. जवळ एक कागद आणि पेन्सिल असू द्यावी. विसरून चालणार नाही असे एखादे काम आठवले तर ते एका शब्दात टिपावे आणि सोडून द्यावे, कारण ते मनात धरून ठेवण्याची धडपड त्या कामापेक्षा मोठे विघ्न असते.

झोप येत असेल तर डोळे उघडावेत. डोळे मिटूनच प्रार्थना केली पाहिजे, अशी आज्ञा शास्त्रात कोठेही नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात प्रभू येशू दृष्टी वर आकाशाकडे लावून प्रार्थना करतो, आणि लूकच्या अठराव्या अध्यायातला जकातदार वर पाहायलाही धजत नाही. डोळे मिटल्याचा उल्लेख दोन्हीकडे नाही. उभे राहून, येरझारा घालत, खिडकीशी बसूनही प्रार्थना करता येते. झोप रोजच अनावर होत असेल तर तो प्रश्न आध्यात्मिक नसून रात्रीच्या जागरणाचा असतो. सराफ्यातून, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारातून, बारा वाजता घरी परतणाऱ्याने पहाटे पाचची प्रार्थना ठरवूच नये.

एवढे सगळे केल्यावरही मन भरकटते. खरी समस्या तेथून सुरू होते.

नेहमीचा उपाय का फसतो

मन भरकटले की आपण मनाशी झगडतो. त्याला दटावतो, ओढून आणतो, आणि आता ते जागेवर आहे ना, याची पुन्हा पुन्हा खात्री करून घेतो. त्यामुळे होते असे की, आधी लक्ष भाजीवर होते आणि आता ते स्वतःच्या लक्षावर असते. देव दोन्ही वेळा बाजूलाच राहतो. या झगड्याचा निष्फळपणा चौथ्या-पाचव्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या ख्रिस्ती तपस्व्यांना चांगला ठाऊक होता. त्यांच्या आठवणींत अब्बा पोइमेन यांची एक हकीकत आहे. मनात फार विचार येतात, अशी तक्रार घेऊन आलेल्या एका बंधूला त्यांनी उघड्यावर नेले आणि अंगरख्याचा घोळ पसरून त्यात वारा धरून ठेवायला सांगितले. ते जमणार नाही, असे तो म्हणाला. तेव्हा विचार येऊच नयेत हेही तुला जमणार नाही, आले तर त्यांच्या आहारी जाऊ नये एवढेच तुझे काम, असे त्यांनी त्याला समजावले.

तेरेसाने १५७७ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, हीच गोष्ट पिठाच्या गिरणीच्या दृष्टान्ताने सांगितली: गिरणीची खडखड चालू द्यावी आणि आपण आपले पीठ दळत राहावे. ते लिहीत असताना तिच्या स्वतःच्या डोक्यात नद्या कोसळत असाव्यात असा घोंघाट चालला होता, हेही तिने तेथेच नमूद केले आहे. चक्कीवर दळण घेऊन उभे राहिलेल्या कोणालाही हा दृष्टान्त समजावून सांगावा लागणार नाही. चक्कीवाला त्या आवाजात गिऱ्हाइकाशी बोलतो, पैसे घेतो, आणि आवाज बंद झाल्यावर बोलू असे कधी म्हणत नाही.

ऑगस्टीनची कबुली तर फारच घरगुती आहे. घरात बसलो असताना माश्या पकडणारी पाल किंवा जाळ्यात सापडलेल्या माशीला गुंडाळणारा कोळी आपले लक्ष खेचून घेतो आणि असल्याच क्षुल्लक गोष्टींनी आपल्या प्रार्थना मध्येच तुटतात, असे या मोठ्या बिशपने सोळाशे वर्षांपूर्वी लिहिले. त्याची पाल आणि आमच्या ट्यूबलाइटमागची पाल यांत काही फरक दिसत नाही. पण ती कबुली वाचताना माझे लक्ष भलत्याच ठिकाणी गेले. ऑगस्टीन ही पालीची हकीकत आपल्याला सांगतच नाही. ते संपूर्ण आत्मकथन देवाला उद्देशून, द्वितीय पुरुषात लिहिलेले आहे. पालीने त्याची प्रार्थना तोडली, आणि त्याने ती पालच देवाला सांगितली. मला माझ्या दोषाचा पत्ता लागला तो येथून.

'तू' केव्हा 'तो' होतो

मी अठ्ठावीस वर्षे शाळेत भाषा शिकवली, त्यामुळे वाक्यातला पुरुष आणि वचन पाहण्याची खोड मला आहे. एका वर्षी तीन आठवडे मी असे केले की, प्रार्थनेत मन भरकटल्याचे भान आले की त्या क्षणी मनात चाललेले वाक्य, आणि आठवेल तर त्याच्या आधीची दोन वाक्ये, वहीत उतरवून ठेवायची. मी कोणकोणत्या विषयांत हरवते हे कळेल, अशी माझी अपेक्षा होती. वही भरल्यावर दिसले ते वेगळेच होते. विषय रोज बदलत होते, पण निसटण्याची जागा बदलत नव्हती.

एक नमुना देते. सुरुवात होती, "प्रभू, तू या मुलाला नोकरी दे." पुढचे वाक्य होते, "देव त्याला नोकरी देईलच, पण त्याने अर्ज तरी वेळेवर करायला नको का?" त्यानंतरचे होते, "त्याच्या आईला मी मागेच सांगितले होते." चौथ्या वाक्यात मी त्याच्या आईच्या दिवाणखान्यात होते आणि तेथून पुढे कोठे गेले ते वहीत आहे, पण सांगण्यासारखे नाही. भरकटल्याचे मला चौथ्या वाक्यात कळले. प्रत्यक्षात मी दुसऱ्याच वाक्यात निसटले होते, कारण तेथे 'तू'चा 'तो' झाला होता. ज्याच्याशी बोलत होते त्याच्याविषयी बोलू लागले होते. त्या वाक्यात देवाचे नाव होते, श्रद्धाही होती, म्हणून ते प्रार्थनेसारखेच वाटले आणि मला शंका आली नाही. वहीतल्या बहुतेक नोंदींची रीत हीच होती.

परत येतानाही मी एक चूक करत होते, आणि माझ्या मते हा दोष वारंवार उलटतो तो या चुकीमुळे. भान आले की मी धागा जेथे तुटला होता तेथे, म्हणजे यादीतल्या पुढच्या विषयावर, जात होते: मुलाची नोकरी झाली, आता आजारी शेजारीण. प्रार्थनेचा मजकूर पुन्हा सुरू होत होता. ज्याला तो सांगायचा त्याच्याकडे मात्र मी वळलेच नव्हते. निसटले ते संबोधन होते आणि मी दुरुस्त करत होते ते वाक्य.

संबोधन ही आठवी विभक्ती. वर्गात ती शेवटी येते, परीक्षेत तिला फारसे गुण नसतात, आणि क्रियापदाशी तिचा थेट संबंध नसल्याने संस्कृत व्याकरणात तिला कारकांतही बसवत नाहीत. ती काढून टाकली तरी वाक्य पूर्ण राहते. मराठीत मात्र ती शब्दाचे रूपच बदलते. पिता हा शब्द हाक मारताना पित्या होतो, देव हा देवा होतो. प्रभूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना "हे आमच्या स्वर्गातील पित्या" अशा हाकेनेच सुरू होते आणि पहिली विनंती त्यानंतर येते. अटकेपूर्वी गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना तो 'अब्बा', म्हणजे बाबा, म्हणतो, आणि मार्कने आपले शुभवर्तमान ग्रीक भाषेत लिहिताना हा एक अरामी शब्द तसाच ठेवला. प्रेषित पौलानेही रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत तो तसाच ठेवला आहे. त्या प्रार्थनेतील बाकी सगळ्याचे भाषांतर झाले आणि हाक मूळ भाषेत राहिली, याचे मला भाषेची शिक्षिका म्हणून फार नवल वाटते.

तेविसाव्या स्तोत्रात तर हा पुरुषबदल डोळ्यांपुढे घडताना दिसतो. पहिल्या तीन वचनांत परमेश्वर 'तो' आहे: तो मेंढपाळ आहे, तो हिरव्या कुरणांत बसवतो, तो जिवाला ताजेतवाने करतो. चौथ्या वचनात मृत्युच्छायेची दरी येते आणि तेथे, काही सूचना न देता, स्तोत्रकर्ता "तू माझ्याबरोबर आहेस" असे म्हणतो. सहाव्या वचनात परमेश्वर पुन्हा तृतीय पुरुषात जातो. तेव्हा देवाविषयी 'तो' असे बोलणे हा काही अपराध नव्हे; स्तुतिगीते आणि साक्षी त्यावरच चालतात. आपण 'तू' म्हणायला बसलो असताना नकळत 'तो' म्हणू लागलो का, एवढेच येथे पाहायचे आहे.

परत यायचे ते कोठे

यावरून जी दुरुस्ती मी करते ती अशी. भान आले की स्वतःला दटावत नाही आणि तुटलेले वाक्यही शोधत नाही. केवळ हाक मारते, "पित्या", आणि तीही मनात न मारता, स्वतःला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मग एक श्वास थांबते. हा थांबा महत्त्वाचा आहे. हाक मारून लगेच बोलू लागणारा माणूस समोरच्याने वळून पाहण्याची वाट पाहत नाही, आणि घरात कोणी असे केले तर आपल्याला ते खटकते. त्यानंतर आपण कोठे होतो ते एका वाक्यात, द्वितीय पुरुष न सोडता, त्यालाच सांगते: "पित्या, मी त्या बाईच्या दिवाणखान्यात जाऊन तिला बोल लावून आले, तू पाहिलेसच." पुढे यादीतला विषय घ्यायचा की हाच विषय चालू ठेवायचा, हे तेव्हाचे तेव्हा ठरते. एका बैठकीत हे दहा वेळा करावे लागले तर दहा वेळा करावे. मोजू मात्र नये, कारण मोजदाद सुरू झाली की आपण पुन्हा स्वतःकडे पाहू लागतो.

जुन्या लोकांनी याच कामासाठी एक वचन ठरवून ठेवले होते. जॉन कॅसियन याने इजिप्तमधील तपस्व्यांचे जे संवाद लिहून ठेवले, त्यांत अब्बा आयझॅक सत्तराव्या स्तोत्राचे पहिले वचन सतत जवळ बाळगायला सांगतात: हे देवा, मला सोडव; हे परमेश्वरा, मला साहाय्य करण्यास त्वरा कर. पुढे बेनेडिक्टच्या मठांनी ते स्वीकारले आणि आजही पाश्चात्त्य चर्चमधील दैनिक प्रार्थनाविधी याच वचनाने सुरू होतो. एवढ्या लहान वचनात दोनदा हाक आहे, हे मला माझ्या वहीनंतरच दिसले.

आमच्या प्रॉटेस्टंट मंडळींत येथे हमखास शंका निघते की, हा जप झाला नाही का, आणि प्रभूने मत्तयाच्या सहाव्या अध्यायात निरर्थक बडबड करू नका असे सांगितले आहे ना? शंका रास्त आहे. पण त्याने निषेध केला तो पुष्कळ बोलल्याने आपले ऐकले जाईल, या समजुतीचा. आणि त्यानेच गेथशेमानेत तिसऱ्यांदा पुन्हा त्याच शब्दांत प्रार्थना केली, हे मत्तयच सव्विसाव्या अध्यायात सांगतो. एकच हाक पुन्हा मारणे आणि शब्दांचा ढीग रचणे यांतला फरक, लहान मूल आईला दिवसातून किती वेळा हाक मारते हे ज्याने ऐकले आहे, त्याला कळेल.

सोळाव्या शतकातील जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याला त्याच्या न्हाव्याने, पीटरने, प्रार्थना कशी करावी असे विचारले होते, आणि १५३५ मध्ये ल्यूथरने त्याला उत्तरादाखल एक छोटे पुस्तकच लिहून दिले. त्यात तो न्हाव्याला त्याच्याच धंद्यातला दाखला देतो: चांगल्या न्हाव्याचे डोळे आणि मन वस्तऱ्यावर आणि केसांवर असते, गप्पा मारत इकडेतिकडे पाहू लागला तर तो गिऱ्हाइकाचे नाक किंवा गळा कापायचा. दाखला मला आवडतो, पण तो मला पुरा पडत नाही. वस्तऱ्यावर लक्ष ठेवणे हे कौशल्याचे काम आहे आणि प्रार्थनेला केवळ कौशल्य समजले की आपण पुन्हा झगड्याकडे वळतो. ल्यूथरची दुसरी सूचना मला अधिक उपयोगी पडली: प्रभूची प्रार्थना एकेक विनंती घेऊन म्हणत असताना मध्येच एखाद्या ठिकाणी मन भरून आले तर उरलेले खुशाल सोडून द्यावे. यादी पूर्ण करण्याचे ओझे त्याने असे एका वाक्यात उतरवले आहे.

तोच विचार रोज येत असेल तर

वरच्या उपायाने रोजचे किरकोळ भरकटणे आवरते. एखादा विचार मात्र हाक मारूनही जात नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा उभा असतो. अशा वेळी तो विघ्न आहे, हे गृहीत धरणेच चुकीचे ठरते.

माझ्या बाबतीत तो विचार माझ्या थोरल्या जाऊबाईंचा होता. सासूबाईंच्या मागे पितळेच्या भांड्यांची वाटणी झाली तेव्हा मी त्यांना चार माणसांत एक वाक्य बोलले होते. वाक्य खरे होते, पण बोलायला नको होते. त्यानंतर दोन महिने, प्रभूची प्रार्थना म्हणताना ऋणे सोडण्याच्या विनंतीपाशी आले की जाऊबाई समोर येत. मी हाक मारली, कबुली दिली, त्यांच्यासाठी प्रार्थनासुद्धा केली. तरी दुसऱ्या दिवशी त्या हजर. मग मत्तयाच्या पाचव्या अध्यायातले ते नेहमीचे वचन मी पुन्हा वाचले. त्यात माणूस वेदीपाशी दान घेऊन उभा आहे, आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे त्याला नेमके तेथे आठवते. म्हणजे उपासनेत त्याचेही मन भरकटले आहे. प्रभू त्याला मन आवरायला सांगत नाही. दान तेथेच ठेवून जा, आधी समेट कर, आणि मग येऊन दान अर्पण कर, असे सांगतो.

मी दुसऱ्या दिवशी बसने देवासला गेले. जाऊबाई "ये, बस" म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. मी आत जाऊन जे म्हणायचे ते म्हटले. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, साखर मात्र नेहमीप्रमाणे कमी घातली. सगळा कडवटपणा त्या दिवशी धुऊन निघाला, असे मी म्हणणार नाही. परंतु ऋणांच्या विनंतीपाशी त्या रोज येत असत, ते थांबले.

म्हणून एखादा विचार आठवडाभर टिकला तर स्वतःला विचारावे की, याबाबत मी काही करायचे बाकी ठेवले आहे का? असेल तर प्रार्थना तेथेच थांबवून ते करावे किंवा निदान ते केव्हा करणार हे कागदावर लिहावे. करण्यासारखे काही नसेल, नुसती भीती किंवा इच्छा असेल, तर त्या दिवशीची यादी बाजूला ठेवून तीच प्रार्थनेचा विषय करावी. पैशाची चिंता दाबून जगाच्या शांतीसाठी प्रार्थना करणाऱ्या माणसाच्या मनात पैसेच येत राहतील, आणि त्यात मनाचा दोष नाही.

हिंदी, मराठी आणि पाठ झालेली वाक्ये

हा मुद्दा आमच्यासारख्या, इंदुरात वाढलेल्या मराठी ख्रिस्ती घरांपुरता आहे, पण येथे तो टाळता येत नाही. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ मध्ये या शहरात काम सुरू केले, आणि आमच्या मंडळीची उपासना मला आठवते तेव्हापासून हिंदीतच चालत आली आहे. त्यामुळे हिंदीत मी उभ्या उभ्या दहा मिनिटे मोठ्याने प्रार्थना करू शकते. "हे दयालु और अनुग्रहकारी परमेश्वर, हम तेरा धन्यवाद करते हैं" येथून सुरू झालेली गाडी चालकाशिवायही शेवटच्या आमेनपर्यंत जाते. धोका नेमका तेथे आहे. तेथे संबोधनसुद्धा पाठ झालेले असते, म्हणून 'तू'चा 'तो' झाला आहे का, ही माझी परीक्षा तेथे चालत नाही.

एकांतात मी मराठीत प्रार्थना करते. ती अडखळते, योग्य शब्द सापडेपर्यंत थांबावे लागते, आणि त्या थांबण्यात मी जागी राहते. ज्यांचे बालपण मराठी मंडळीत गेले आणि मराठी उपासनेची वाक्ये ज्यांना तोंडपाठ आहेत, त्यांना कदाचित याच्या उलट करावे लागेल. आपण घरी जी अर्धी हिंदी, अर्धी मराठी बोलतो, "मी आज फार परेशान आहे" अशा चालीची, तीही चालेल. व्याकरण शिकवणाऱ्या बाईला हे लिहिताना थोडे जड जाते, पण खरे आहे ते खरे.

जेथे हा उपाय लावू नये

यजमान गेल्यानंतर काही महिने मला प्रार्थनेचे एक वाक्यही धरून ठेवता येत नव्हते. त्या काळात मी वही, यादी, हाक यांतले काहीही केले नाही. स्तोत्रसंहिता उघडून एखादे स्तोत्र मोठ्याने वाचत असे, आणि अनेकदा तेही मुलगी वाचत असे. आपण योग्य प्रकारे प्रार्थना कशी करावी हे आपल्याला ठाऊक नसते तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो, असे पौल रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहितो. मी त्यावर टेकून राहिले. पुस्तक वाचून प्रार्थना करणे कमी प्रतीचे आहे असे कोणी म्हणाले, तर प्रभुभोजनानंतरची वेळ सोडली तर अठरा वर्षे तेरेसा हाताशी पुस्तक असल्याखेरीज प्रार्थनेला बसायला धजत नसे, हे त्यांना सांगावे.

आणखी एक गोष्ट. मन केवळ प्रार्थनेत नव्हे तर स्वयंपाकात, वाचनात, बोलण्यातही कोठेच टिकत नसेल, झोप आणि भूक कित्येक आठवडे बिघडलेली असेल, तर डॉक्टरांकडे जावे. त्या अवस्थेला विश्वासाची कमतरता म्हणणाऱ्यांचे ऐकू नये, मग ते कितीही वडीलधारे असोत.

अजून न सुटलेला भाग

मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या, प्रार्थनेत मला अजून अडचण येते. माझ्या यादीत तेवीस नावे होती, आणि चौथ्या-पाचव्या नावापासून पुढे त्या यादीची वर्गातली हजेरी होत असे. नाव उच्चारायचे, हजर समजायचे, पुढे जायचे. आता मी रोज चार-पाच नावांची एक चिठ्ठी ठेवते आणि प्रत्येक नावाआधी हाक मारते: "पित्या, ही अमुक." त्याने हजेरी बरीचशी मोडली आहे, तरी ज्या दिवशी घाई असते त्या दिवशी ती परत येते. मंगळवारच्या चिठ्ठीवर, चपला घालता घालता मला प्रश्न विचारणाऱ्या त्या सुनेचे नाव आहे. तिच्या नावापाशी आले की मला पायरीवरच्या त्या चपला दिसतात, मग तिला मी घाईत दिलेले उत्तर आठवते, आणि तेथून पुढे मी निसटू लागते. सध्या तेवढे सगळे, चपलांसकट, सांगून टाकते आणि मग पुढचे नाव घेते.